मादागास्करचे प्रकरण

रविवार, ६ जुलै २०२५. जागा: वरसे, रोहे. हवा: पाऊस थांबून थांबून, चारच्या सुमारास ऊन.

दीनाबाईंची टिपणवही अशीच सुरू होते. तारीख, जागा, हवा, आणि मग काय दिसलं ते. "काय वाटलं ते लिहायचं नाही, दामोदरपंत. वाटलेलं दुसऱ्या दिवशी बदलतं. दिसलेलं बदलत नाही." तीस वर्षं रोह्याच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून मीही ही वही त्याच शिस्तीत लिहायची ठरवली आहे. वही पतपेढीने वाटलेली, २०२३ सालची आहे. वार खोडून घालावे लागतात.

तर काय दिसलं.

दीनाबाईंच्या ओटीवर काचेच्या झाकणाची एक सपाट लाकडी पेटी. डांबरगोळीचा वास. आत टाचणीला लावलेली बारा फुलपाखरं. एक दुधाळ पिवळं, काळ्या काठाचं, मागच्या पंखांना दोन शेपट्या. दहा बिनशेपटीची, एकमेकांशी ओळख नसल्यासारखी: कोणी तांबूस, कोणी काळ्यावर पांढरे पट्टे, कोणी काळ्यावर पिवळे ठिपके. आणि कोपऱ्यात एकटं, पुन्हा पिवळं, पुन्हा शेपटीवालं.

"यातली नवराबायको ओळखा," बाई म्हणाल्या.

मी सरळ माणूस. दोन पिवळी दाखवली.

"नापास. हा पहिला पिवळा नर. या दहाजणी त्याच्या माद्या. जात एकच, आफ्रिकेतली."

"आणि कोपऱ्यातलं?"

"ती मादागास्करची मादी. तिची गोष्ट शेवटच्या प्रकरणात."

बाईंचे वडील आरोन रोहेकर मोंबासाच्या गोदीत कारकून होते. बाई दहा वर्षांच्या होईतो सगळे तिकडेच. सुट्टीच्या दिवशी बापलेक जाळी घेऊन हिंडत; कोपऱ्यातली तेवढी एका खलाशाने आणून दिलेली. त्या पेटीवर बाई आता मराठीत लहानसं पुस्तक लिहीत आहेत. मी भाषा तपासतो.

ओळख माझ्याच चुकीने झाली. मी पेणचा वार्ताहर. जूनमध्ये ‘रोह्यातील शेवटचे बेने इस्रायली घर’ अशी, कोकणातल्या मराठी ज्यूंच्या एका घराची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी फोन. "मी दीना रोहेकर. आम्ही शेवटचे नाही, शेवटून तिसरे. एवढी घाई कशाला?" क्षमा मागायला गेलो, तो अजून जातोच आहे.

बाईंचा मुलगा एलियाह इस्रायलमध्ये, डिमोनाला असतो. तो नोव्हेंबरात येऊन आईला कायमची नेणार. घराला गिऱ्हाईक आहे. कागद अजून झालेले नाहीत. पुस्तक त्याआधी व्हायला हवं, म्हणून काम तातडीचं.

मंगळवार, ८ जुलै. पेण. पावसाळी.

वृंदाताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, आज विचारलं, "रविवारी इस्त्रीचा शर्ट कशाला मागितलास रे?"

"रोह्याला जायचं होतं."

"रोह्याला तू तीस वर्षं जातोयस. बिनइस्त्रीचा."

भाषा तपासणाऱ्याने नीटनेटकं असावं, असं उत्तर दिलं. ती वाल सोलत होती. सोलतच राहिली.

रविवार, २० जुलै. वरसे. ढगाळ.

पहिली दोन प्रकरणं तपासून दिली. विषय थक्क करणारा आहे. हा पिवळा नर आफ्रिकेत सगळीकडे साधारण सारखाच. माद्या मात्र मुलखामुलखाप्रमाणे वेगळ्या, एकेका रानातसुद्धा तीन-चार तऱ्हांच्या. जिथे जे कडू, पाखरांनी एकदा चाखून सोडून दिलेलं फुलपाखरू असेल, त्याचा वेष मादी घेते. शेपट्या नाहीत, पिवळा रंग नाही, उडण्याची ढबसुद्धा त्या कडव्याचीच, सावकाश. पाखरं म्हणतात, नको रे बाबा. आणि ती सुखाने लिंबाच्या कुळातल्या झाडांवर एकेक अंडं घालत फिरते.

दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी प्रथम म्हणालं की ही सगळी एकाच नराची बायकामंडळी, तेव्हा मोठमोठे पंडित संतापले. मग एका मादीची अंडी पाळली. एका आईच्या पोटून तीन तऱ्हांच्या मुली निघाल्या, आणि मुलगे सगळे पिवळे. पंडित गप्प बसले. पंडितांना गप्प करण्याचा हा मार्ग मी लहानपणी शिकलो त्या संस्कृत पाठशाळेत ठाऊक नव्हता.

बाईंनी मला कुंपणापाशी नेलं. रुईवर एक तांबूस, काळ्या काठाचं फुलपाखरू बसलेलं. "हे कडू. रुई खाऊन वाढतं. हेच तिकडे मोंबासातही असतं, आणि पेटीतल्या या तांबडीने सोंग घेतलंय ते याचंच. रोह्याला परत आलो तेव्हा मला इथलं काही म्हणजे काही आवडत नव्हतं. मग हे दिसलं. म्हटलं, चला, एक तरी ओळखीचं निघालं."

पुस्तकाच्या नावावरून वाद. त्यांनी लिहिलं होतं, ‘एक नर, अनेक माद्या’. मी म्हटलं, हे कोर्टातल्या दाव्याचं नाव वाटतं. मी ‘बहुरूपिणी’ सुचवलं. त्या म्हणाल्या, हे सोवळ्यातलं वाटतं. शेवटी ‘बहुरूपी फुलपाखरू’ ठरलं. दोघांनी थोडं थोडं सोडलं.

माझा एकच नियम आहे, तो पहिल्याच दिवशी सांगून ठेवला होता: विषयांतर गाळायचं. आज बारा ठिकाणी गाळलं. मोंबासातल्या शेजारणीचे समोसे, वडिलांची हॅट, सगळं लाल शाईने उडवलं.

"तुमच्या पेनाला आठवड्याला शाई किती लागते हो?" त्या म्हणाल्या. "आणि छापल्यावर काही गाळलेलं हवंसं वाटलं तर?"

"शुद्धिपत्र काढतात. पण शुद्धिपत्र म्हणजे वरात निघून गेल्यावर वाजवलेला ताशा."

त्या इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

रविवार, ३ ऑगस्ट. नागोठणे, नंतर वरसे. मुसळधार.

अंबा नदीला पाणी चढलं. एसटी नागोठण्याच्या अलीकडूनच परत फिरली. तिथल्या तिथे फोनवरून बातमी दिली आणि पुलावरचं पाणी उतरेपर्यंत दोन तास एका टपरीखाली उभा राहिलो. मग कंपनीचा एक ट्रक मिळाला. छत्री पिशवीवर धरली होती, कारण पिशवीत प्रकरण तिसरे होते. बाई दारातच उभ्या होत्या. टॉवेल दिला. टॉवेल आधीपासून हातात होता.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "प्रकरण तिसरं काय पळून जात होतं?"

रविवार, १७ ऑगस्ट. वरसे. उघडीप, दमट.

आज माझ्याकडून एक चूक झाली. दोनही असतील.

मला उपमेची खोड आहे. मी म्हटलं, "दीनाबाई, तुमचा समाजच या माद्यांसारखा नाही का? ज्या गावात राहिलात त्या गावाचं आडनाव, तिथलीच भाषा, तिथलंच लुगडं. असं एक वाक्य चौथ्या प्रकरणात छान बसेल."

त्यांनी चष्मा काढला. "विषयांतर गाळायचं ना? मग हे आधी गाळा. आम्ही कोणाचं सोंग घेतलेलं नाही. माझी आजी आमचा शनिवार पाळून घाणा बंद ठेवायची आणि रविवारी त्याच घाण्याचं तेल तुमच्या देवळाच्या दिव्याला द्यायची. ते सोंग होतं? मी मराठी बोलते ती पाखरं खातील म्हणून?"

मी क्षमा मागितली. त्यांनी दिली, पण लगेच नाही. त्याआधी भांडी आवाज करत घासली.

नंतर आपणहून म्हणाल्या, "सोंग घेतलंय मी, पण ते वेगळं. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं खंबीर बाईचं. कडू असल्यासारखं. कोणी फारसं जवळ येत नाही, बरं असतं."

मी प्रकरणाची पानं जुळवून ठेवली.

"तुम्हाला काय वाटतं? मी जावं का?"

वार्ताहराने दोन्ही बाजू मांडाव्यात. मी मांडल्या. जाण्याच्या बाजूने मुलगा, सून, येऊ घातलेलं नातवंड, औषधपाण्याची सोय. राहण्याच्या बाजूने हवा, भाषा, लिंबाचं झाड. तिकडच्या परिस्थितीचाही उल्लेख केला. साधारण दहा मिनिटं बोललो. काही सुटलं नसावं.

"बातमी चांगली झाली," त्या म्हणाल्या.

गुरुवार, २ ऑक्टोबर. वरसे. स्वच्छ ऊन. दसरा.

आमच्या पंचांगात आज दसरा, म्हणून आपट्याची पानं घेऊन गेलो. एरवी दसऱ्याला शेजारच्या आळीपलीकडे सोनं द्यायला जात नाही. पण रोह्याला एक बातमीही होती. (होती, असं ताईला सांगितलं.)

बाईंच्या घराची दारं-खिडक्या सगळ्या बंद. कडी वाजवली. उत्तर नाही. तेव्हा आठवलं. बाईंनीच सांगितलं होतं की त्यांचा दार फाळणीचा सण या वर्षी दसऱ्यालाच येतो. त्या दिवशी कडक उपास. पांढरं नेसून दारं लावून घरात बसायचं, बाहेरच्याशी बोलायचं नाही. दुसरा दिवस शिळा सण; तेव्हा दारं उघडतात, जाणंयेणं सुरू होतं. त्यांच्या देवाशी हिशेब मिटवण्याच्या दिवशी मी कडी वाजवत उभा.

पानं कडीत अडकवून ठेवली. जाताना आतून पाट सरकल्यासारखा आवाज आला. मांजर असेल. दहा-बारा मिनिटं तरी पायरीवर उभा होतो, ते ऊन उतरावं म्हणून.

रविवार, ५ ऑक्टोबर. वरसे, मग पेण. उकाडा.

शेवटचं प्रकरण मिळालं. बाकीची पिशवीतून येत, हे पाकिटातून. "घरी जाऊन वाचा," बाई म्हणाल्या. "आणि घाई करू नका." आपट्याची पानं पाण्याच्या पेल्यात घालून खिडकीत ठेवली होती. आपट्याची पानं कोणी पाण्यात ठेवत नाही. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही ठेवतो."

बसमध्ये वाचलं नाही, खड्ड्यांत लाल रेघ सरळ येत नाही. घरी टेबलाशी बसून वाचलं. मादागास्करचं हे प्रकरण सगळ्यांत सुरेख झालं आहे. त्या बेटावरच्या मादीला शेपट्या आहेत, पिवळा रंग आहे, ती नरासारखीच दिसते. सोंग घ्यावं असं कडू फुलपाखरू तिथे फारसं नसावं, म्हणून तिने घेतलंच नाही. या कुळाचं मूळ रूप कदाचित हेच. बाकीच्यांनी आपापल्या रानात ते उतरवून ठेवलं.

शेवटच्या पानावर मात्र बाई घसरल्या. चांगले लेखक शेवटीच घसरतात. मजकूर नमुन्यादाखल उतरून ठेवतो:

‘इथपर्यंत शास्त्र झालं. ही मादी शूर आहे असं वडील म्हणायचे. मला तसं वाटत नाही. आपल्या रंगात उघड्यावर यायला शौर्य लागत नाही, फक्त लपण्याचा कंटाळा यावा लागतो. मला आला आहे. दार फाळणीच्या दिवशी कडी वाजली तेव्हा मी दाराच्या आतच बसले होते. त्या दिवशी बोलायचं नसतं. बाकीच्या दिवशी बोललं तर चालतं. राहा, असं एकदा म्हटलं तर मी राहीन. दुसऱ्यांदा म्हणावं लागणार नाही.’

समासात शेरा लिहिला: ‘विषयांतर. वाचकास हा सण ठाऊक नसणार. राहा असे कोण म्हणणार, ते स्पष्ट नाही. गाळावे.’ आणि पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी लाल रेघ.

रात्री जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर. वरसे. हवा: ढग नाहीत, वारा नाही.

हस्तलिखित परत दिलं. बाईंनी बाकीची पानं उलटलीच नाहीत, सरळ शेवटचं काढलं. मग शेरा मोठ्याने वाचला, "‘कोण म्हणणार, ते स्पष्ट नाही.’ नाही का स्पष्ट?"

"नाही. वाक्याला कर्ताच नाही," मी म्हटलं. आणि थोडा विनोदही केला की पुस्तकात फुलपाखरं बारा आणि लेखिका एक. कोणाला राहायला सांगायचं हे छापखान्याला कळणार नाही.

त्या हसल्या नाहीत. एरवी यापेक्षा पडेल विनोदांना हसतात.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तसं. गाळू."

चहा केला. "साखर?" असं विचारलं. मी बिनसाखरेचा घेतो हे त्यांना जुलैपासून ठाऊक आहे. मग माझ्यासमोरच एलियाहला फोन लावला. "हो रे. काढ तिकीट. झालं पुस्तक. ... नाही, आता काही राहिलं नाही."

पुस्तक वेळेत झालं याचं समाधान आहे.

स्टँडवर सखाच्या रिक्षातून आलो. सखा बाईंचा जुना विद्यार्थी, आता स्वतःची पोरं त्यांच्याकडे शिकवणीला पाठवतो. म्हणाला, "सर, बाय जातंय म्हंतात ती खरंच जातंय?"

"जातायत."

"तुमी कायतरी बोला ना. आमचा कोन आयकत नाय ती. तुमचा आयकंल."

"मी काय बोलणार, सखा?"

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "व्हय. तुमी शिकलेली मानसा. तुमाला बोलाया लय इचार करावा लागतो."

रविवार, १६ नोव्हेंबर. वरसे. सकाळी गारवा.

बाईंकडे मलिदा होता. मोठ्या परातीत भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वर पाच तऱ्हांची फळं आणि सुकामेवा. एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. पूर्वी ओटीवर माणसं मावत नसत. त्यांच्यातले दहा पुरुष असल्याशिवाय ही प्रार्थना होत नाही; आज तेवढे जमवायला पेण, अलिबाग, रेवदंड्यापर्यंत फोन करावे लागले. नवव्यानंतर दहावा येईना तेव्हा बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला मोजता आलं असतं तर बरं झालं असतं." दहावा पाऊण वाजता आला.

घराचे कागद मंगळवारीच झाले. एलियाह येऊन आठवडा झाला. उंच, अबोल, आईच्या मागे मागे. मला म्हणाला, "अंकल, आईला करमेल ना तिकडे?"

"तिथली हवा कोरडी आहे, असं वाचलं आहे," मी म्हटलं. हवेबद्दल मला आता पुष्कळ माहिती आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर. पेण. हवा: धुकं, नऊपर्यंत.

मुंबईला जाताना त्यांची गाडी आमच्या दारात थांबली. ताईने पोह्याच्या पापडांची चार पाकिटं दिली आणि दीनाबाईंच्या गळ्यात पडून रडली. दोघी आयुष्यात दोनदा भेटल्या असतील. ताई अलीकडे हळवी झाली आहे.

बाईंनी पेटी माझ्या हातात दिली. "विमानात चालत नाही म्हणे." (चालतं की नाही, हे एलियाहने विचारलेलं दिसलं नाही, तो आश्चर्याने बघत होता.) "डांबरगोळी दर दोन महिन्यांनी बदला. आणि कोपऱ्यातली जपा. शेपट्या लवकर मोडतात."

"निर्धास्त असा," मी म्हटलं.

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. गाडीचं इंजिन चालूच होतं. मी मागे सरकून वाट दिली.

पोचल्याचा फोन एलियाहने केला.

रविवार, ३० नोव्हेंबर. वरसे. निरभ्र.

सवयीने बसमध्ये बसलो, नागोठणं गेल्यावर लक्षात आलं. मग म्हटलं, आलोच आहोत. दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला बोटभर लांब, तिरकी, फिकट खूण आहे. तिथे त्यांच्या प्रार्थनेच्या चिठ्ठीची डबी लावलेली असे. नव्या बिऱ्हाडाची बाई लिंबाला औषध मारायच्या तयारीत. "अळ्या झाल्यात हो, शेणाच्या ठिपक्यांसारख्या." मी म्हटलं, फांदी मला द्या. तिने दिली. वेडा समजली असावी.

अळ्या ताईच्या कढीपत्त्याच्या कुंडीत सोडल्या. ताई एरवी पानागणिक भांडते. आज बोलली नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर. पेण.

पुस्तक छापून आलं. दोनशे प्रती, शहाण्णव पानं. अक्षरजुळणी करणारी प्रतीक्षा, दोन मुलांची आई, वीस वर्षं याच कामात. माझ्या बातम्यांमधल्या चुका ती न विचारता दुरुस्त करते. गठ्ठा बांधून झाल्यावर म्हणाली, "सर, रागावणार नसाल तर विचारू? तुम्ही बाईंना काय उत्तर दिलंत?"

"कशाचं उत्तर?"

तिने खणातून एक पान काढलं. लाल तिरकी रेघ. "काट होती म्हणून छापलं नाही. पण मला फेकवेना."

"तो पुस्तकाचा मजकूर होता," मी म्हटलं.

"सर, लोकांना वाटतं आम्ही नुसती बोटं हलवतो. मी वाचते." आणि मग, हळू, "पुस्तकाच्या मजकुरात कडी कोण वाजवतं, सर?"

पान घेऊन घरी आलो. बाईंचं अक्षर गोल, शाळेच्या फळ्यावरचं. ‘राहा’ हा शब्द माझ्या रेघेने बरोबर मधून कापला आहे. कडी मी वाजवली होती. मला हे ५ ऑक्टोबरला कळलं नव्हतं, असं इथे लिहिणं सोयीचं आहे. खरं एवढंच की वाचायला बसलो तेव्हा पेनाचं टोपण आधीच काढलेलं होतं. ते काढलेलं नसतं तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

ताईने पान वाचलं. चष्मा पुसला. "आज कळलं?"

"तुला केव्हा कळलं?"

"तू इस्त्रीचा शर्ट मागितलास तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"मी म्हणून काय उपयोग होता? ती माझ्या म्हणण्याने राहणार होती?"

हवा लिहायची राहिली. बघितली नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर. पेण. थंडी.

तीन दिवस पत्र लिहितो आहे. पहिला मसुदा चार पानांचा, त्यात दोन सुभाषितं. सुभाषितं गाळली. मग खुलासे गाळले. मग माझ्या स्वभावाचं वर्णन गाळलं, ते त्यांना पाठ आहे. उरलं ते प्रतीक्षाकडे नेलं. तिने एकच प्रत काढली, एक पैसा घेतला नाही, आणि माझ्याकडे न बघता कात्रीने कडा सरळ केल्या. ती चिठ्ठी पुस्तकात शेवटच्या पानाला चिकटवून पोस्टात टाकली.

शुद्धिपत्र
पृष्ठ ९६, अखेरीस.
छापले गेले: काही नाही.
हवे होते: राहा.
चूक लेखिकेची नाही.

गुरुवार, १ जानेवारी २०२६. पेण.

कढीपत्त्यावर कोशातून पहिलं फुलपाखरू निघालं. काळं, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. ताईने हाक मारली. पंख वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. याचंही नाव-गाव बाईंना विचारायला हवं, असं म्हणून फोन काढला आणि परत खिशात ठेवला. पोस्टाला महिना लागतो.

रविवार, ११ जानेवारी. पेण. हवा: सकाळी दव, दुपारी कोरडं ऊन.

सकाळी संदेश आला. जसाच्या तसा उतरवतो.

‘पुस्तक मिळालं. छपाई छान. एलियाहला मुलगी झाली, गुरुवारी. मी तिला आंघोळ घालते, मराठीतून रागावते. ताशा ऐकू आला, दामोदरपंत. स्वच्छ ऐकू आला. पण वरात आता फार लांब आली आहे. पेटी सांभाळा.’

तीनदा वाचलं. लाल पेन हाताशी होतं. यात दुरुस्ती सुचवण्यासारखं काही नाही.

दुपारी पेटी उघडली. डांबरगोळी बदलली. आज रविवार, म्हणून शर्ट इस्त्रीचा घातला होता. ताईने आपणहून करून ठेवला होता. काय दिसलं: नर जागेवर. दहा माद्या जागेवर. कोपऱ्यातलीच्या दोन्ही शेपट्या शाबूत.